दीर्घकालीन नाणेमालिकेवरील लेखाची मांडणी : पश्चिमी क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

पश्चिमी क्षत्रपांचे चांदीचे नाणे आकाराने अगदी लहान असते. वजन सुमारे दोन ग्रॅम आणि व्यास दीड सेंटिमीटरच्या आसपास. दर्शनी बाजूस उजवीकडे पाहणारे राजाचे मस्तक, त्याभोवती ग्रीक अक्षरांचा अवशेष आणि मस्तकाच्या मागे ब्राह्मी अंकांत शक वर्ष. मागील बाजूस तीन कमानींचा पर्वत (काही अभ्यासक यास चैत्य म्हणतात), त्याखाली नागमोडी रेषा, वर चंद्रकोर, एका बाजूस चंद्रकोर व दुसऱ्या बाजूस तारा, आणि कडेने राजाचे व त्याच्या पित्याचे नाव पदवीसह सांगणारा ब्राह्मी लेख. चष्टनापासून तिसऱ्या रुद्रसिंहापर्यंत, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभापासून चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत, हे नाणे जवळजवळ याच स्वरूपात निघत राहिले. प्राचीन भारतात इतका दीर्घकाळ आपले रूप टिकवून धरणारी आणि त्याच वेळी स्वतःवर वर्ष नोंदविणारी दुसरी मालिका दाखविणे कठीण आहे.

अशा मालिकेवर लेख लिहिताना माहिती कोणत्या क्रमाने मांडावी, हा प्रश्न वरवर पाहता संपादकीय स्वरूपाचा वाटतो. पहिल्या राजापासून आरंभ करावा आणि शेवटच्या राजापाशी थांबावे, यात अवघड ते काय, असे कोणासही वाटेल. परंतु क्षत्रपांच्या बाबतीत ही गोष्ट इतकी साधी नाही. जुनागढच्या शके ७२ (इ.स. १५०) च्या सुप्रसिद्ध शिलालेखानंतर या घराण्याचे शिलालेख थोडे आणि त्रोटक आहेत. राजांची नावे, त्यांचे परस्पर नाते, गादीवर येण्याचा क्रम, पदव्यांची चढउतार हे सर्व बहुतांशी नाण्यांवरूनच उभे केले गेले आहे. अर्थात नाणी ज्या क्रमाने मांडली जातील त्या क्रमाचा इतिहास तयार होतो. मांडणीत झालेली चूक पुढे वंशावळीत जाते, वंशावळीतून पाठ्यपुस्तकात जाते आणि तेथे ती ‘माहिती’ म्हणून स्थिरावते. प्रस्तुत लेखात या मालिकेच्या मांडणीचे पर्याय तपासले असून प्रत्येक पर्याय कोणता इतिहास दाखवितो व कोणता झाकतो, याचा विचार केला आहे.

राजवार मांडणी

क्षत्रप नाण्यांच्या अभ्यासाला जेम्स प्रिन्सेप यांच्यापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासूनची परंपरा आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा या विषयावरील निबंध त्यांच्या मृत्यूनंतर इ.स. १८९० मध्ये ई. जे. रॅप्सन यांनी संपादित करून प्रसिद्ध केला, आणि इ.स. १९०८ मध्ये रॅप्सन यांची ब्रिटिश म्युझियममधील आंध्र, पश्चिमी क्षत्रप, त्रैकूटक व बोधी घराण्यांच्या नाण्यांची सूची प्रकाशित झाली. या सूचीची मांडणी राजवार आहे. राजाच्या नावाखाली त्याची नाणी आणि राजाने दोन पदव्यांनी नाणी काढली असतील तर त्या दोन पदव्यांचे उपविभाग, अशी तिची रचना आहे. संग्रहालयातील नाणे ओळखण्यासाठी ती अत्यंत सोयीची आहे. हाती आलेल्या नाण्यावर नाव वाचावे, पान उघडावे आणि ताडून पाहावे. आजही संग्राहक हेच करतो.

सूचीची ही रचना पुढे लेखांनीही जशीच्या तशी उचलली. सूचीचा हेतू ओळख पटविणे हा आहे, लेखाचा हेतू घडले काय ते सांगणे हा आहे. हे दोन हेतू एकाच क्रमाने साधतीलच असे नाही. क्षत्रपांच्या राज्यात एकाच वेळी दोन सत्ताधारी असत. वरिष्ठ तो महाक्षत्रप आणि कनिष्ठ, बहुधा पुढचा वारस, तो क्षत्रप. दोघेही आपापल्या नावाने नाणी काढीत. राजवार मांडणीत मात्र एक राजा संपतो आणि दुसरा सुरू होतो. समकालीन असलेले दोन नाणेक्रम एकाखाली एक रचले जातात आणि वाचकाच्या मनात एकेरी वंशाची प्रतिमा तयार होते.

वारसाक्रमाचे उदाहरण पाहिले म्हणजे हे स्पष्ट होईल. पहिला रुद्रसेन, संघदामन व दामसेन या तिघांच्याही नाण्यांवर पित्याचे नाव रुद्रसिंह असे आहे. हे तिघे भाऊ एकामागून एक महाक्षत्रप झाले. पुढच्या पिढीत वीरदामन, यशोदामन, विजयसेन आणि तिसरा दामजदश्री हे चौघेही दामसेनाचे पुत्र आहेत. त्यांच्यानंतर आलेला दुसरा रुद्रसेन मात्र वीरदामनाचा पुत्र आहे आणि वीरदामन स्वतः कधीही महाक्षत्रप झाल्याचे दिसत नाही. याचा अर्थ, गादी पित्याकडून पुत्राकडे न जाता आधी भावाभावांतून फिरत असे आणि भाऊ संपल्यावर पुढच्या पिढीकडे वळत असे. ही प्रथा कोणत्याही ग्रंथात नोंदलेली नाही. पित्याचे नाव आणि वर्ष या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्यावरच ती उमगते. शके १६० च्या आसपास वीरदामन, यशोदामन व विजयसेन या तीन सख्ख्या भावांची नाणी अगदी जवळजवळ येतात. राजवार मांडणीत ती तीन वेगळ्या प्रकरणांत विखुरली जातात आणि घराण्यातील त्या धावपळीच्या दोन-तीन वर्षांचा मागमूस राहत नाही.

वर्षवार मांडणी आणि दोन रकाने

यावर उपाय म्हणून वर्ष हाच कणा धरावा, असे सुचविता येते. शक वर्षांची एक उभी ओळ घ्यावी, तिच्या एका बाजूस महाक्षत्रप व दुसऱ्या बाजूस क्षत्रप असे दोन रकाने करावेत आणि ज्या वर्षाचे नाणे प्रत्यक्ष वाचले गेले आहे त्याच वर्षापुढे नाव लिहावे. असा तक्ता केला की पहिल्या रुद्रसिंहाचे वेगळेपण तत्काळ लक्षात येते. गुंडा येथील शके १०३ च्या शिलालेखात तो क्षत्रप आहे. त्याच वर्षापासून त्याची महाक्षत्रप म्हणून नाणी मिळू लागतात. शके ११० ते ११२ या काळात तो पुन्हा क्षत्रप पदवीने नाणी काढतो आणि शके ११३ पासून पुनश्च महाक्षत्रप होतो. वरिष्ठ पदावरून खाली आलेला आणि परत वर गेलेला राजा, ही घटना राजवार मांडणीत ‘क्षत्रप म्हणून नाणी’ या उपशीर्षकाखाली शांतपणे पडून राहते. तक्त्यात तीन वर्षे महाक्षत्रपाचा रकाना रिकामा दिसतो आणि तो रिकामेपणा प्रश्न विचारतो.

दुसरी रिकामी जागा याहून मोठी आहे. भर्तृदामनानंतर महाक्षत्रप ही पदवी नाण्यांवरून नाहीशी होते. त्याचा पुत्र विश्वसेन, नंतर दुसरा रुद्रसिंह आणि दुसरा यशोदामन हे सर्व केवळ क्षत्रप आहेत. शके २७० (इ.स. ३४८) मध्ये तिसरा स्वामी रुद्रसेन पुन्हा महाक्षत्रप म्हणून पुढे येतो. दरम्यान वंशाची शाखाही बदललेली आहे. दुसऱ्या रुद्रसिंहाचा पिता स्वामी जीवदामन असा नाण्यावर उल्लेख आहे आणि त्याच्या नावामागे क्षत्रप किंवा महाक्षत्रप यांपैकी कोणतीच राजपदवी नाही. वरिष्ठ पदाच्या या अभावामागे सासानी सत्तेचे दडपण असावे, असे काही इतिहासकारांनी सुचविले आहे. ते मान्य करावे की नाही हा वेगळा विषय आहे. परंतु मान्य वा अमान्य करण्यासाठी आधी ती पोकळी दिसली पाहिजे. राजांची नावे सलग क्रमाने छापली असता ती दिसत नाही.

वर्षवार मांडणीचा खरा धोका मात्र तिच्या आकर्षकपणातच आहे. वर्ष मस्तकाच्या मागे असते आणि पुष्कळ नाण्यांत ठसा नीट मध्यावर बसलेला नसतो. कधी शतकाचे चिन्ह चकतीबाहेर जाते, कधी एकक झिजलेले असते. ब्राह्मी अंकपद्धतीत शतक, दशक व एकक यांसाठी वेगवेगळी चिन्हे असल्याने एक चिन्ह गेले की उरलेल्या चिन्हांवरून वर्षांची मर्यादा सांगता येते, नेमके वर्ष नाही. शंभराचे चिन्ह दिसले आणि पुढचे काही दिसले नाही, तर ते शके १०० आहे की १०० च्या पुढचे कोणतेही वर्ष आहे, हे सांगणे अशक्य होते.

जीवदामनाच्या बाबतीत नेमके असे घडले. रॅप्सन यांनी त्याच्या एका नाण्यावर शके १०० असे वर्ष मानले आणि त्यावरून तो रुद्रसिंहापूर्वी एकदा व त्याच्यानंतर शके ११९-१२० मध्ये दुसऱ्यांदा महाक्षत्रप झाला, असा क्रम लावला. त्यातून काका-पुतण्यांमधील गृहकलहाची कथा जन्मास आली आणि ती अनेक ग्रंथांतून फिरली. पुढील अभ्यासकांनी या वाचनावर शंका घेतली. ते वर्ष बाजूस ठेवले की जीवदामनाची पहिली कारकीर्द जाते आणि तिच्याबरोबर कलहाची कथाही जाते. झिजलेल्या एका चिन्हावर उभी असलेली यादवी महाविद्यालयीन टिपणांतून आजही शिकविली जाते, ही गोष्ट इतिहासाच्या अध्यापकांनी विचारात घेण्यासारखी आहे.

म्हणून तक्ता करताना ‘राज्यकाल’ असे शीर्षक न देता ‘ज्ञात वर्षे’ असे शीर्षक द्यावे. एखाद्या राजाचे शेवटचे वाचलेले वर्ष हे त्याच्या राज्याचे शेवटचे वर्ष नसते. ते केवळ आजवर सापडलेल्या नाण्यांपैकी शेवटचे असते. नवा निधी सापडला की ही सीमा सरकते. ‘शके १२२ ते १४४’ असे छापले की वाचक ते पहिल्या रुद्रसेनाचे राज्य समजतो, आणि दोन राजांच्या ज्ञात वर्षांमध्ये जी मोकळी वर्षे उरतात ती त्याला बंड, आक्रमण किंवा अराजक वाटू लागतात. पुराव्याच्या अभावाला घटनेचे रूप येते ते बहुधा तक्त्यातूनच.

वर्ष नसलेला आरंभकाळ

वर्षवार मांडणीची दुसरी अडचण अशी की मालिकेच्या पहिल्या भागात वर्षच नाही. भूमक व नहपान हे क्षहरात घराण्याचे, चष्टनापासूनचे राजे कार्दमक म्हणून ओळखले जाणाऱ्या घराण्याचे. नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर मस्तक आहे, ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिप्या आहेत, मागे बाण व वज्र आहे, परंतु वर्ष नाही. त्याच्या काळाचा आधार नाशिकच्या लेण्यांतील ४१, ४२ व ४५ आणि जुन्नरच्या लेखातील ४६ ही वर्षे. चष्टन व रुद्रदामन यांच्या नाण्यांवरही वर्ष नाही. जयदामनाचे तर चांदीचे नाणेच मिळत नाही, तांब्याची चौकोनी नाणी तेवढी मिळतात. चांदीच्या मालिकेत तो केवळ पुत्राच्या नाण्यावर पिता म्हणून अवतरतो आणि तेथेही त्याची पदवी क्षत्रप एवढीच आहे.

या भागासाठी प्रकारवार मांडणी स्वीकारण्यावाचून गत्यंतर नाही. सुदैवाने बदल सर्वांत अधिक याच काळात घडतात. नहपानाच्या नाण्यावरील ग्रीक अक्षरे अर्थपूर्ण आहेत. ती मागील बाजूच्या प्राकृत लेखाचेच ग्रीक लिप्यंतर देतात. चष्टनाच्या नाण्यांवरही त्यांचा काही भाग वाचता येतो. रुद्रदामनानंतर ती केवळ नक्षी बनतात. ठसे कोरणाऱ्या कारागिराला ग्रीक येत नव्हते, पण नाण्याभोवती ‘असे काहीतरी’ असावे लागते हे त्याला ठाऊक होते. खरोष्ठी चष्टनापर्यंत टिकते आणि पुढे नाहीशी होते. चष्टनाच्या आरंभीच्या नाण्यांवर चंद्रकोर व तारा आहेत, पर्वत नंतर येतो आणि मग तो शेवटपर्यंत राहतो. पदवीचा बदलही येथे उपयोगी पडतो. क्षत्रप चष्टन आणि महाक्षत्रप चष्टन असे दोन टप्पे नाण्यांवरच आहेत. अंधौ येथील शके ५२ (इ.स. १३०) च्या लेखांत चष्टन व रुद्रदामन यांची नावे एकत्र येतात, आणि महाक्षत्रप हे नाव आपण स्वतः मिळविले असे रुद्रदामनाच्या जुनागढ लेखात म्हटले आहे.

तात्पर्य, एकाच लेखात दोन प्रकारच्या मांडणी लागतात. आरंभीचा भाग प्रकार व पदवी यांच्या आधारे आणि शके १०० नंतरचा भाग वर्षांच्या आधारे. अशी विषम रचना संपादकांना सहसा रुचत नाही आणि लेखकही एकसारख्या प्रकरणांच्या मोहात पडतो. पण पुरावाच जर मध्यावर आपला स्वभाव बदलत असेल, तर मांडणीनेही तेथे वळण घ्यावे.

ईश्वरदत्ताची जागा

मांडणीचा प्रश्न किती महत्त्वाचा असतो याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे महाक्षत्रप ईश्वरदत्त. त्याची नाणी दिसायला पूर्णपणे क्षत्रप नाण्यांसारखी आहेत. परंतु त्यांवर पित्याचे नाव नाही, आणि शक वर्षाऐवजी त्याच्या स्वतःच्या राज्याचे पहिले व दुसरे वर्ष अशी नोंद आहे. तो घराण्याबाहेरचा होता आणि निदान दोन वर्षे त्याने वरिष्ठ पद बळकावले, एवढे त्यावरून म्हणता येते. केव्हा, हे नाणे सांगत नाही.

भगवानलाल इंद्रजी यांनी त्याचा संबंध इ.स. २४९ च्या सुमारास सुरू झालेल्या त्रैकूटक संवताशी जोडला. रॅप्सन यांनी चेहऱ्याची व अक्षरांची धाटणी पाहून त्याला दामसेनाचे शेवटचे ज्ञात वर्ष शके १५८ आणि यशोदामनाचे महाक्षत्रप म्हणून पहिले वर्ष शके १६१ यांमधील मोकळ्या जागेत, म्हणजे इ.स. २३६ ते २३९ या काळात बसविले. दे. रा. भांडारकर यांनी त्याला रुद्रसिंहाच्या पदच्युतीशी जोडून इ.स. १८८ ते १९० हा काळ दिला. तीन मोठ्या अभ्यासकांची तीन उत्तरे, आणि त्यांमधील अंतर सुमारे साठ वर्षांचे.

यात रॅप्सन व भांडारकर यांचे एक साम्य लक्षणीय आहे. दोघांनीही आधी रिकामी जागा शोधली आणि मग तीत ईश्वरदत्ताला बसविले. रिकामी जागा मात्र, वर म्हटल्याप्रमाणे, ज्ञात वर्षांच्या तक्त्यातून निर्माण झालेली आहे. म्हणजे मांडणीने प्रश्न निर्माण केला, मांडणीनेच उत्तर सुचविले आणि उत्तराने पुन्हा मांडणीला दुजोरा दिला. राजवार रचलेल्या लेखात लेखकाला हा निर्णय टाळताच येत नाही. ईश्वरदत्ताचे प्रकरण कोणत्या तरी दोन राजांच्या मध्ये घालावेच लागते आणि अनुक्रमणिकेनेच निकाल दिल्यासारखे होते. त्याऐवजी अशा नाण्यांना मुख्य क्रमाच्या बाहेर स्वतंत्र विभाग द्यावा आणि तेथे सर्व मते पुराव्यासह मांडावीत, हे अधिक न्याय्य होय. महाराष्ट्राच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. नाशिकच्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाचा लेख आहे, गुंडा लेखात रुद्रसिंहाचा सेनापती रुद्रभूती हा आभीर आहे. नामसाम्यावरून ईश्वरदत्तही आभीर असावा असे मानले गेले. त्याचा काळ मागेपुढे सरकला की आभीरांच्या उदयाची कथाही सरकते.

निनावी नाणी आणि पुनर्मुद्रांकित नाणी

मालिकेत शिशाची व पोटीनची काही नाणी अशी आहेत की त्यांवर वर्ष आहे, पण राजाचे नाव नाही. राजवार लेखात त्यांना घर नसते. ती परिशिष्टात जातात किंवा ‘किरकोळ नाणी’ म्हणून दोन ओळींत संपतात. वस्तुतः दैनंदिन बाजारात चालणारी नाणी बहुधा हीच. वर्षवार मांडणीत ती आपोआप आपल्या जागी येतात, आणि चांदीची नाणी ज्या काळात विरळ आहेत त्या काळात हलक्या धातूची टांकसाळ चालू होती काय, हे विचारता येते.

याच्या उलट स्थिती जोगळटेंभीच्या निधीची. नाशिकजवळच्या या गावी इ.स. १९०६ मध्ये नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा सुमारे सव्वातेरा हजारांचा निधी सापडला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे व नाव पुन्हा उमटविलेले आहे. एकाच नाण्यावर दोन राजे, आणि दोघेही परस्परांचे शत्रू. हे नाणे नहपानाच्या प्रकरणात घालावे की सातवाहनांच्या? सूचीकाराला कोठे तरी घालावेच लागते. लेखकाला मात्र ही सक्ती नाही. निधी हा एक स्वतंत्र पुरावा आहे. तो कोणी व केव्हा पुरला, त्यात कोणती नाणी एकत्र आली, पुन्हा छापलेली किती व न छापलेली किती, या गोष्टी नाण्यांची राजवार वाटणी केली की हरवतात. नऊ हजारांवर नाणी वितळविण्याऐवजी त्यांवर नवी मुद्रा मारली गेली, यावरून विजेत्या सत्तेला त्या चांदीचे चलन अबाधित ठेवायचे होते असे म्हणता येते. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात पस्तीस कार्षापणांस एक सुवर्ण असा दर दिलेला आहे. ज्या बाजारात असा दर ठरलेला आहे तेथे चांदी अचानक काढून घेणे परवडणारे नव्हते.

याच निधीवर लिहिताना रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांच्या असे लक्षात आले की नहपान या एकाच नावाखाली चेहरे निरनिराळे आहेत, कोणी तरुण, कोणी वृद्ध, कोणाचे नाक वेगळे. त्यांनी यात घराण्यातील अनेक पुरुष पाहिले, इतरांनी कारागिरांचे हात पाहिले. नाण्यांची विभागणी केवळ नावावरून केली असती तर हा प्रश्न निर्माणच झाला नसता.

राजस्थानातील सरवानिया येथे इ.स. १९११ मध्ये सापडलेला २,३९३ नाण्यांचा निधीही असाच एकत्र वाचला पाहिजे. त्यात पहिल्या रुद्रसिंहापासून तिसऱ्या स्वामी रुद्रसेनापर्यंतची नाणी आहेत. याचा अर्थ दीडशे वर्षांपूर्वीचे नाणे निधी पुरला जाईपर्यंत चलनात किंवा निदान संचयात होते. मालिका नाण्यांवरील वर्षानुसार चालते आणि बाजार जुन्या-नव्या नाण्यांच्या मिश्रणावर चालतो. लेखात या दोन्हींस जागा हवी.

शिवराईचे प्रतिउदाहरण

वर्ष हाच कणा, हा नियम सर्व मालिकांना लागू करता येत नाही. महाराष्ट्रातील सर्वांत परिचित दीर्घ मालिका शिवराईची. इ.स. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी सुरू झालेल्या या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ एवढाच मजकूर आहे. पुढच्या छत्रपतींच्या व पेशव्यांच्या काळातही हेच नाव चालू राहिले. नाव बदलत नाही, म्हणून राजवार मांडणी अशक्य. आणि बहुसंख्य नाण्यांवर वर्षही नसल्याने वर्षवार मांडणीही अशक्य. तेथे अक्षरांचे वळण, ‘पति’ व ‘पती’ यांसारखे लेखनभेद, ओळींमधील दांड्या व लहान खुणा यांवरच भिस्त ठेवावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेव्हरंड ॲबट यांनी सुमारे पंचवीस हजार शिवराया तपासून प्रकार पाडण्याचा प्रयत्न केला तो याच कारणाने. पुढे इ.स. १९८९ मध्ये के. के. माहेश्वरी व केनेथ विगिन्स यांचा मराठ्यांच्या टांकसाळी व नाण्यांवरील ग्रंथ अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेने प्रकाशित केला. शिवरायांच्या प्रत्यक्ष कारकिर्दीतील शिवराई कोणती, हा प्रश्न संग्राहकांच्या बाजारात पैशांचा आणि जनमानसात श्रद्धेचा आहे. त्यामुळे येथे प्रकारालाच काळ समजण्याची घाई विशेष घातक ठरते.

मालिकेचा शेवट

क्षत्रप मालिकेवरील लेख कोठे थांबवावा, हा अखेरचा प्रश्न. राजवंशाच्या दृष्टीने शेवट निश्चित आहे. तिसऱ्या रुद्रसिंहाची नाणी शके ३१० नंतरच्या दशकातील, म्हणजे इ.स. ३८८ नंतरची आहेत; त्यापुढे क्षत्रप नाहीत. नाण्याच्या दृष्टीने मात्र तेथे शेवट होत नाही. दुसऱ्या चंद्रगुप्ताने पश्चिम भारत जिंकल्यावर जी चांदीची नाणी काढली ती वजनाने, आकाराने व मस्तकाने क्षत्रप नाणीच आहेत. पर्वताच्या जागी गरुड आला आणि शक वर्षाच्या जागी गुप्त वर्ष आले. दर्शनी बाजूची निरर्थक ग्रीक अक्षरे तशीच राहिली. ज्या लोकांना ती चांदी हाताळण्याची सवय होती त्यांच्यासाठी नाणे बदलले नव्हते, सत्ता बदलली होती. दक्षिण गुजरात व नाशिकच्या परिसरात त्रैकूटक दह्रसेन व व्याघ्रसेन यांनी तर पर्वतही कायम ठेवला.

सहाव्या शतकात कलचुरी कृष्णराजाने याच घडणीचे चांदीचे लहान नाणे काढले. त्यावर मस्तक आहे आणि मागील बाजूस बसलेला नंदी आहे. हे नाणे ‘रूपक’ नावाने दीर्घकाळ चालले. अंजनेरी येथे सापडलेल्या भोगशक्तीच्या ताम्रपटात, कलचुरी संवत ४६१ (इ.स. ७०९-१०) मध्ये, म्हणजे कृष्णराजानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, दंडाच्या रकमा कृष्णराजाच्या रूपकांत सांगितल्या आहेत. वा. वि. मिराशी यांनी कलचुरी लेखांचे संपादन करताना या उल्लेखाकडे लक्ष वेधले. पश्चिमी क्षत्रपांवरील मराठी लेखांत हा ताम्रपट सहसा येत नाही, कारण तो दुसऱ्या घराण्याचा आहे. नहपानाच्या चांदीपासून निघालेले नाणे सहा शतकांनंतर त्याच नाशिक परिसरात, दुसऱ्या राजाच्या नावाने, दंड भरण्यासाठी मोजले जात होते; ही नोंद अशा लेखाच्या परिशिष्टात न जाता मुख्य मजकुराच्या अखेरच्या विभागात यावयास हवी.